नात्याचा रकाना

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, बाबांना तुमच्या ताब्यात दिलं तरी कसं?" मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. उत्तर या पत्रात आहे, पण आधी खोलीचं सांगायला हवं.

खोली तुझ्या बाबांच्या नावावर. जुना भाडेकायदा लागू असलेली, म्हणून मालकाला ना भाडं वाढवता येई, ना त्यांना बाहेर काढता येई. मी तिथे अठरा वर्षं राहिलो तो सोबती म्हणून. खिडकीकडचा अर्धा भाग त्यांच्या शिलाई मशीनचा, दाराकडचा माझ्या रंगाच्या डब्यांचा. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास लागतो म्हणून ते रोज माझ्या नावाने खडे फोडायचे आणि माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावून ठेवायचे. दारावरची पाटी मी रंगवली: पिवळ्यावर काळं, अक्षर सव्वा इंच, नाव फक्त त्यांचं. खाली तुझंही घाल, म्हणून ते मागे लागले होते. भाडेकरू एक आणि पाटीवर नावं दोन, हे मला पटेना. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर आणि कायदा, दोन्ही मी कुणाचं बोट न धरता शिकलो, त्यामुळे त्यात काडीची चूक मला चालत नाही. म्हणून ते मला 'शुद्धलेखन' म्हणायचे. "शुद्धलेखन, दिवा लाव रे!"

दोन वर्षांपूर्वी मालकाने छापील अर्ज पाठवला. खोलीत कोण कोण राहतं, भाडेकरूशी नातं काय. बाबांनी माझ्या नावापुढे पेन्सिलीने 'भाऊ' लिहिलं आणि वरून शाई फिरवायला कागद माझ्याकडे सरकवला. भाडेकरूच्या मागे खोली सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला मिळते, नुसत्या सोबत्याला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मी रबराने 'भाऊ' खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'नातं नाही'. ते म्हणाले, "अरे, कागदाच्या बापाचं काय जातंय?" मी म्हणालो, खोटं लिहून मला राहायचं नाही. त्यावर दोन दिवस त्यांनी चहा एकट्यापुरताच केला. बटण मात्र लावलेलं होतं.

ते गेल्याच्या नवव्या दिवशी मला नोटीस आली. सोबत त्याच अर्जाची प्रत, आणि 'नातं नाही'खाली मालकाच्या वकिलाने मारलेली लाल रेघ. गुरुवारी सुनावणी आहे.

आता तुझा प्रश्न. त्या दिवशी तुझा फोन लागत नव्हता. तू इतक्या लांब, तुला दोष नाही. शवागाराच्या खिडकीतला कारकून म्हणाला, नातेवाईक असाल तरच मिळेल, नाहीतर तीन दिवस थांबून बेवारस म्हणून नोंद होईल. त्याने कागद पुढे केला. तोच रकाना. मी 'भाऊ' लिहिलं. कारकून म्हणाला, "काय अक्षर आहे हो तुमचं!"

शेजारच्या नर्सबाई म्हणतात, हाच कागद कोर्टात दाखवा, खोली कुठे जात नाही. मग वकील तुला फोन करेल, बाबांना भाऊ होता का विचारेल, आणि तू माझ्यासाठी हो म्हणशील, हे मी ओळखून आहे. म्हणून हे लिहितोय. तुझ्यावर तशी वेळ येणार नाही, कारण मी तो कागद दाखवणार नाही. खोलीसाठी दाखवला, तर त्या खिडकीपाशी लिहिलेलं खोटं ठरेल. महिनाअखेर खोली सोडावी लागेल, त्याआधी मशीन न्यायला ये. तेल घालून झाकून ठेवलंय. पाटी तेवढी मी बरोबर नेणार आहे. काल तिच्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव घातलं, त्याच मापात. रंग अजून ओला आहे.

तुझाच,
काका