वाढवायचा नारळ

रविवार, भाद्रपद वद्य. टेंभुर्णी.

माय, फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नकोस. तू गेल्यापासून वहीत रोजचं काहीबाही लिहीत आले, पण तुला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. लिहावं असं काही घडत नव्हतं, की लिहायला बसले तर रडू येईल अशी भीती होती, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. आज मात्र रडू वगैरे काही नाही. दुपारपासून मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते आहे. घटस्थापनेला देवीपुढे फुटणारा पहिला, मानाचा नारळ यंदा आपल्या घराकडे आला आहे, आणि तो मी वाढवणार आहे. मी, तुझी पोरगी!

मागच्या वेळी हा मान आला तेव्हा बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात गडीमाणूस नाही म्हणून हसनाबादहून चुलतभावाला बोलावलं होतं. त्यानं नारळ फोडला, त्याला टॉवेल-टोपी मिळाली, आणि तू मागे बायकांत तबक धरून उभी. तुला वाईट वाटलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, ‘देवीच्या दारात कसलं वाईट.’

पण मला सायकलीचा दिवस आठवतो. मी अकरावीला गेले म्हणून तू नवी सायकल आणलीस. पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलंस आणि नारळासाठी शेजारच्या काकांना हाक मारलीस. तू सकाळी कुऱ्हाडीनं बाभळीचं लाकूड फोडून चूल पेटवलेली, आणि काकांचा तर हात कापतो, चष्मा नाकावरून घसरतो. एक घाव, दोन घाव, तीन. नारळ नुसता टणटण वाजतो आहे. काका म्हणतात, “लईच कडक आणला गं, पोरी!” आणि तंबाखू आणायला घरात जातात. तू माझ्याकडे बघतेस, दाराकडे बघतेस, नारळ उचलतेस आणि पायरीच्या दगडावर एकच घाव घालतेस. दोन सारख्या वाट्या. पाणी चाकावर. मग त्या वाट्या पुन्हा एकमेकींवर ठेवून तू कानाला हात लावतेस आणि देवीला सांगतेस, “माफी दे बाई, पोरीच्या कॉलेजला उशीर होऊन राह्यला.” काका परत आले तर म्हणतेस, “तुमच्याच घावानं चीर गेल्ती, काका.” मी ‘माय, तू फोडलास!’ म्हणाले तर माझ्याच दंडाला चिमटा. “फोडला म्हणू न्हाई. वाढवला म्हणावं.”

आज देवळात बैठक होती. आपल्या घराचं नाव निघाल्यावर कमिटीचे तात्या सरळ यांच्याकडे वळले, “जावईबापू, तुम्ही या बराबर आठ वाजता.” हे म्हणाले, “मी घनसावंगीचा पाहुणा. मान तुमच्या गावचा, घर हिचं. मला कशाला मधी घेता?” सगळे हसले. मग मी उठून म्हणाले, मी वाढवते. हसू थांबलं.

विरोध तात्यांनी नाही, मावशीनं केला. तुझी मैत्रीण, आता पार वाकली आहे. म्हणाली, “नारळ म्हंजी बी. बाईच्या पोटातून जग येतं. तिनं बी फोडू न्हाई. हा कमीपणा न्हाई बाई, हा तुझा मान हाय.” मी म्हणाले, “फोडायचा कुठं मावशी? आपण तर वाढवायचा म्हणतो. अन् वाढवायचं काम बाईचंच.” ती म्हणाली, “कॉलेजात शिकून शब्दाला शब्द लावती. बी ते बी.”

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, “मला तर लेकरू न्हाई, मावशी. माझ्या हातून कोणतं बी फुटणार हाय?”

मला ते बोलायचं नव्हतं. निदान असं, चारचौघांत, हुकमाचं पान टाकल्यासारखं तरी नव्हतं. यांनी मान खाली घातली. मावशी मात्र चिडली. “असं बोलायचं न्हाई! बाईची किंमत काय तिच्या पोटावरून करत्यात का?” आणि बोलता बोलता थांबली. तात्या गालात हसत म्हणाले, “मावशे, मंग तुमचंच म्हणणं गेलं की!”

“गेलं तं गेलं. या वयात दात गेले, म्हणणं गेलं तं काय व्हतंय?” काठी आपटत ती माझ्याकडे वळली. “वाढव बाई. देवी बी बाईच हाय, तिला काय शिवाशिव. पण एका घावात. दुसरा लागला तं समद्या गावापुढं हसन मी.”

माय, मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे, हे मी देवीसाठी करते आहे की जिंकण्यासाठी? माझी श्रद्धा खरी आहे, तुला माहीत आहे. पण बैठकीतून निघताना मनात देवी नव्हती, तात्यांचा चेहरा होता. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा मात्र वेगळं वाटलं. आजवर मी देवीपुढे नेहमी कुणाच्या तरी पाठीमागे उभी राहिले. तिचा चेहरा पुरता, समोरून, मध्ये कुणी नसताना मी पाहिलेलाच नाही. तो बघायची मला घाई झाली आहे. यात थोडा गर्व असेल, तर तो तिनंच वजा करून घ्यावा. सायकलीची गोष्ट आज ओठांवर आली होती, पण ती आपल्या दोघींची, म्हणून सांगितली नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा खरं ते लिहून टाकते. बैठकीत मी एवढ्या जोरात बोलले, पण मी जन्मात एकही नारळ वाढवलेला नाही. घरी लागला तर हेच फोडतात, आणि मी वाटी पुढे धरते.

उद्या: दुकानातून पाच कडक नारळ आणून मागच्या दारी सराव करणे.