कबूतरी रंगाच्या दोन बाह्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्रियापद नसलेली गोष्ट. दिवस चौथा. ओळी अकरा, त्यातल्या नऊ फालतू. गिऱ्हाईक नसलं की नमुन्यांच्या कागदामागे लिहिते. आंटींना वाटतं स्टॉक लिहितेय. दुकान त्यांचं, त्यामुळे मी मान खाली घालून स्टॉकसारखा चेहरा करते.

एम.ए. आणि झाशीच्या सदर बाजारात लोकर विकणे. थंडीपुरतं. आई सगळ्यांना सांगते, "शोरूम सांभाळते."

दुपारी काकू आल्या. विमलकाकू, दतिया गेटहून ऑटोनं. जन्मभर शाळेत पोरींना विणकाम शिकवलं, आता रिटायर. आंटी त्यांना बहनजी म्हणतात आणि खुर्ची पुसून देतात, बाकी कुणाला देत नाहीत. काकूंच्या दादांना, ग्वाल्हेरच्या, एक फेब्रुवारीला पंच्याहत्तर पुरी. त्यांना फुल बाह्यांचा स्वेटर. रंग कबूतरी. दहा गोळे लागतील, आज सहा नेले. चार पिशवीत घालून, नावाची चिठ्ठी लावून काउंटरखाली ठेवले. आमच्याकडे असंच. चिठ्ठी लागली की गोळे त्या बाईचे, विणून होईस्तो. आंटीसुद्धा हात लावत नाहीत.

मी: किती दिवसांत बुनाल काकू?

"बुनाल नव्हे गं. विणाल."

आख्ख्या बाजारात माझ्याशी मराठी बोलणारं हे एकच माणूस. आंटी समोर असल्या तरी माझ्याशी एक शब्द हिंदी नाही. त्यांना बहनजीपणा, मला मराठी. "हिंदी बोलायला झाशी पडलीय पोरी. आपण दोघी आहोत तोवर आपली बोलू."

२७ नोव्हेंबर

बारावी ओळ जमत होती आणि कँटोन्मेंटमधली एक बाई आली. फौजीची बायको. कडेवर पोरगं, पोराच्या नाकाला शेंबूड. "दीदी, बस दो गोले, यही कबूतर वाला, इसकी टोपी के लिए।" शेल्फवर संपलेला. संपला होता का? नीट बघितलं नाही. स्टुलावर चढायचा कंटाळा. ओळ निसटत होती.

काकूंच्या पिशवीतले दोन काढून दिले. परवा माल येतोय. शेड नंबर तोच, परत घालीन. कुणाला कळतंय.

ओळ जमली.

२९ नोव्हें.

माल आला. कबूतरी आला, नंबर तोच. दोन घातले, चार झाले. विषय संपला.

३ डिसेंबर, बुधवार

संपला नाही.

एक बाई अर्ध्या शालीला गोळा कमी पडला म्हणून आली. आंटींनी नवीन मालातला दिलाच नाही. "लॉट अलग है बहन, शॉल में पट्टा दिखेगा।" ती म्हणाली, नंबर तर एकच आहे. आंटी: "नंबर तो खानदान है। लॉट सगा भाई। खानदान में सबकी शकल मिलती है क्या? मेरे देवर को देखा है आपने?" सगळं दुकान हसलं. मी पण हसले. मग माझं हसू तोंडातच राहिलं.

आंटी जेवायला गेल्यावर पिशवी उघडली. प्रत्येक गोळ्याला कागदाची पट्टी असते, तिच्यावर नंबर आणि लॉट. दोन पट्ट्यांवर २११६. माझ्या दोनांवर २१३०. म्हणजे रंगवले वेगवेगळ्या वेळी. ट्यूबलाइटखाली चारी सारखे. दारात नेले. उन्हात दोन निळसर, दोन जरा हिरवट. जरा म्हणजे जराच.

आंटींना सांगणार होते. त्या आल्या, गिऱ्हाईक आलं. मग दुसरं. मग सहा वाजले.

चारी पट्ट्या काढून टाकल्या. पट्टीच नाही तर लॉट कोण वाचणार. फेकायला हात झाला नाही. या वहीत आहेत, मागच्या पानात. आज क्रियापदंच क्रियापदं.

८ डिसें.

काकूंनी गोळे नेले.

"पट्ट्या कुठं गेल्या गं?"

"उंदरानं कुरतडल्या."

उंदीर! लोकरीच्या दुकानात! आंटींनी ऐकलं असतं तर मलाच पिंजऱ्यात घातलं असतं. काकू म्हणाल्या, "गोळे वाचवलेस हे नशीब." आणि पिशवी छातीशी धरून गेल्या. तेव्हा सांगता आलं असतं. ऑटो इलाइट चौकाकडे वळेपर्यंत बघत उभी होते. पळून गाठता आला असता. सदरमध्ये ऑटो चालतात कुठे, घरंगळतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हे सगळं लिहायचं. एकही शब्द गाळायचा नाही.

आंटी सत्संगला. दुकानात मी एकटी. काकू आल्या, चेहरा वेगळाच. पिशवीतून दोन बाह्या काढल्या आणि थेट दारात गेल्या, उन्हात. शेजारी शेजारी धरल्या.

"इकडं ये. ही बाही जरा हिरवट नाही वाटत?"

वाटत होती. दारात उभं राहिल्यावर तर स्वच्छच. पाठ, पुढा आणि एक बाही निळसर. दुसरी बाही कुणा दुसऱ्याच माणसाची.

मी म्हणाले, "नाही काकू. एकच आहे."

"नीट बघ."

नीट बघण्याचं नाटक केलं. बाही हातात घेतली, उलटी केली. "एकच आहे. उन्हामुळे वाटत असेल."

त्यांनी डोळे चोळले. परत बघितलं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. मला वाटलं आता बोलतील, लॉट बदलला का गं. एवढंच विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, शपथ. पण त्यांनी नाही विचारलं. म्हणाल्या, "आंटीला नाही विचारायचं मला. गिऱ्हाइकाला ती गोडच बोलणार. तू आपल्यातली आहेस. तू म्हणतेस एकच आहे, म्हणजे माझेच डोळे गेले."

बाह्यांची घडी घातली. आयुष्यभर रंगावरून पोरींना रागावलेल्या बाईनं.

मी म्हणाले, "चहा घेणार काकू?"

चहा.

२० डिसें.

लिहायला बसले. गोष्ट. एक मुलगी, एक दुकान, एक बाही. गोष्टीतली मुलगी पहिल्याच परिच्छेदात खरं सांगते आणि म्हातारी तिला जवळ घेते. वाचलं. छान झालं होतं. भाषा पण छान. फाडलं. एवढी किळस मला स्वतःची कधी आली नव्हती. फाडताना एक वाक्य पाठ करून ठेवलं, हेही लिहून ठेवते.

२ जानेवारी, शुक्रवार

काकूंनी डोळे दाखवले. मोतीबिंदू. उजवा पिकलाय, वीस तारखेला ऑपरेशन. आंटी म्हणाल्या, "अच्छा हुआ बहनजी, टाइम से दिखा लिया।" आणि मला पटकन बरं वाटलं. बघा, माझ्यामुळेच डॉक्टरकडे गेल्या! दोन मिनिटं खरंच मनात टाळ्या वाजवल्या.

मग काकूंनी कापडाची गुंडाळी काउंटरवर ठेवली. घरी शिवलेली, कप्पे कप्पे, प्रत्येक कप्प्यात सुयांची एक जोडी. काही इतक्या जुन्या की टोकं घासून चकचकीत झालेली.

"ह्या तुला."

"मला कशाला? ऑपरेशननंतर तुम्हालाच—"

"नको गं. शेजारच्या सुनेच्या बाळाचं टोपडं घेतलं होतं विणायला, ते पण परत केलं. रंग कळेना तर विणायचं काय? टाके बोटांना कळतात. रंगाला डोळाच लागतो."

स्वेटरचे तुकडेही दिले. पाठ, पुढा, दोन्ही बाह्या. "शिवून दे. तेवढं येतं ना?"

येतं म्हटलं.

आंटी नंतर: "बड़ी किस्मत वाली हो। बहनजी ने अपनी सगी भतीजी को नहीं दीं ये सलाइयाँ।"

११ जाने.

पाठ-पुढा जोडला. निळसर बाही जोडली. दुसरी खुर्चीवर पडून आहे. तिच्याकडे पाठ करून जेवले. आई म्हणते, शिवून टाक एकदाची, किती दिवस लोळवतेस. शिवून टाक!

१३ जाने.

फौजीची बायको आली, सुया घ्यायला. पोराच्या डोक्यावर टोपी. वर गोंडा. खरा कबूतरी, निळसर, काकूंचा. मी टोपीकडे इतकं बघत बसले की ती म्हणाली, "नज़र लगाओगी क्या दीदी?" लोकर उरलीय का विचारलं. अर्धा गोळा उरला होता, पोराला खेळायला बाबागाडीत ठेवलेला, तो काढून दिला तिनं, हसत. अर्ध्या गोळ्यात बाही होत नाही. कोपरापर्यंत पण होत नाही.

१४ जाने.

संक्रांत. काकूंचा फोन, "तिळगूळ न्यायला आली नाहीस?"

"दुकान होतं काकू."

दुकान बंद होतं.

२१ जाने.

ऑपरेशन झालं काल. आंटी बघून आल्या. काळा चष्मा, मूड मस्त म्हणे. नर्सला म्हणाल्या, तुझ्या साडीचा काठ जांभळा आहे, मला आत्तापर्यंत काळा वाटत होता. आंटी हे हसत सांगतायत. सगळे रंग धुऊन काढल्यासारखे दिसतायत म्हणे बहनजींना.

"और कहा, लड़की से कहना स्वेटर ले आए। दादा के यहाँ भेजना है।"

बाही उन्हात धरायचीही गरज पडणार नाही आता.

२४ जानेवारी, शनिवार

गेले.

दार उघडंच होतं. "कोण गं? ये." पावलांवरून ओळखलं. खिडकीशी बसल्या होत्या, काळा चष्मा, मांडीवर रेडिओ. स्वेटर पिशवीत, बाही वेगळी. मी वाक्य तयार करून नेलं होतं. रात्रभर घासलेलं. दतिया गेटपाशी ऑटोतून उतरताना पाठ होतं. आत गेल्यावर एक शब्द आठवेना, मराठी ना हिंदी.

चारी पट्ट्या वहीतून काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"काय आहे हे? मला जवळचं वाचता येत नाही अजून. वाचायच्या चष्म्याला महिना आहे. वाच."

वाचलं. "एकवीस सोळा."

"हं."

"एकवीस सोळा."

"पुढं."

"एकवीस तीस."

त्यांनी रेडिओ बंद केला. चौथी पट्टी माझ्या हातात तशीच. म्हणाल्या, "तीही वाच."

"एकवीस तीस."

मग मी सांगितलं. फौजीची बायको, टोपी, स्टुलावर न चढणं, सगळं. बारावी ओळ नाही सांगितली. ती सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"उंदीर नव्हता तर."

"नाही."

"आणि मी दारात बाह्या धरल्या तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

गल्लीत भाजीवाला. मग हळूच, माझ्याशी नाही, खिडकीशी: "म्हणजे मला दिसत होतं."

रागावल्या असत्या तर. शाळेत पोरींना रागवायच्या तसं, आख्ख्या वर्गासमोर. मी रडायला लागले आणि रडताना पण कळत होतं की आता त्यांनी मला गप्प करावं म्हणून रडतेय. नाही केलं त्यांनी. मग मीच थांबले.

चार वाजता थेंब घालायचे असतात डोळ्यात. मी बाटली उचलली. त्यांनी माझ्या हातातून घेतली, मान मागे टाकून स्वतः घातले. अर्धे गालावर. पुसले नाहीत.

मग म्हणाल्या, "स्वेटर यहीं रहने दीजिए। और मेरी सलाइयाँ, हो सके तो कल दे जाइए।"

दीजिए. जाइए. आंटीशी बोलतात तसं. बँकेतल्या माणसाशी बोलतात तसं.

मी हो म्हटलं. कुठल्या भाषेत, आठवत नाही. 'हो' आणि 'हाँ'च्या मधलं काहीतरी.

२५ जाने., रविवार

दुपारी दुकान उघडायला लावलं आंटींना, खरं सांगून. त्यांनी शटर जरा जोरात वर केलं. मग म्हणाल्या, "दोनों बाँहें नए लॉट की करो। बाँहें आपस में तो मिलेंगी।" हे मला इतक्या दिवसांत सुचलं नाही. विणता येणाऱ्याला लगेच सुचतं. काकूंनाही एकोणीस डिसेंबरलाच सुचलं असतं.

स्टुलावर चढले. मागच्या रांगेत २१३० चे दोनच होते. पट्ट्यांना हात लावला नाही. आणि त्यांच्याच शेजारी, एकदम मागे, २११६ चा एक. एकटा. २७ नोव्हेंबरला पण इथेच असणार. तोही घेतला.

दादांचा दिवस पुढच्या रविवारी. निळसर बाही उसवायची, हिरवट एक आहेच, सात दिवसांत तिची जोडीदार विणायची. काकूंना खाली वाकून बघायला डॉक्टरांनी मनाई केलीय. मला उलटा-सुलटा टाका सोडून काही येत नाही. शिकवाल का विचारायचं? हे विचारायचं तोंड आहे का मला? की सुया ठेवायच्या, गोळे ठेवायचे आणि निघायचं.

पिशवी भरली. सुयांची गुंडाळी, तीन गोळे, टोपीतला अर्धा. वर चिठ्ठी लावली, काकूंचं नाव. देवनागरीच, पण मराठीत लिहिलंय की हिंदीत, ते नावावरून कळत नाही.

ऑटो थांबवलाय. दार वाजवल्यावर त्या विचारतील. "कोण गं" म्हणाल्या तर—

"कौन है" म्हणाल्या तरी मी मराठीतच सांगणार आहे.