पिंपळनेरच्या अलीकडची प्रेक्षणीय स्थळं

५ एप्रिल १९९२, रविवार
चौथीत देवचंद गुरुजी म्हणाले होते, "काशी सगळेच पाहतात, शेजारच्या तालुक्यात काय आहे ते सांगा." उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ऑफिसातले लोटनभाऊ उटीला चाललेत. जावोत. मी आपल्याच देशातल्या, कुणी न पाहिलेल्या जागा पाहणार. सुरुवात पिंपळनेरकडून. किल्ले, डोंगर, शांतता. कॅनव्हासचे बूट घेतले.
द्रौपदा म्हणाली, तिकडेच आपली बेबा दिलीय. ठाऊक आहे. मुलीचं सासर नकाशात मध्ये येतं, त्याला मी काय करू?

८ एप्रिल
द्रौपदाचं पुन्हा तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावातल्या आपल्या मेहरूणच्या सगळ्या पोरी माहेरी येतील, झोके बांधतील. आपल्याला मुलगा नाही, तेव्हा बेबाला आणायला मुराळी म्हणून तुम्हीच जायचं. मी म्हटलं, मुराळी वेगळा, पर्यटक वेगळा. ती म्हणाली, दिवाळीनंतर नेऊन घालायला बरे गेलात.
दिवाळीत पोरगी परत जात नाही म्हणत होती. पाठीवर वळ होते. पण परत पाठवतो असा चार माणसांत शब्द दिला होता. मीच पोचवून आलो. जावई सुकदेवरावांनी चहा पाजला. चांगला होता. कोणताही बाप हेच करतो.
प्रवासाच्या वहीत हे लिहायची गरज नव्हती.

१२ एप्रिल
पहिली मोहीम. धुळ्यापर्यंत. स्टँडवर पिंपळनेरची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडून ओरडून दमला. ऊन पाहता पुढे जाणं शहाणपणाचं नव्हतं. पहिल्या खेपेला फक्त अंदाज घ्यायचा असतो. धुळ्याचा स्टँड मात्र नीट पाहिला. त्याच्याकडेही कुणी लक्ष देत नाही.

१९ एप्रिल
साक्रीजवळ भामेरचा किल्ला. अप्रतिम. म्हणजे पायथाच पाहिला, बूट चावतात. शेळ्या राखणाऱ्या म्हातारीनं विचारलं, भाऊ, आठे काय देखी राहिनात? म्हटलं, किल्ला बघतोय. तर म्हणे, किल्ला तर तुमच्या पाठीमागे आहे.
पिंपळनेरकडे तोंड करून बसलो होतो. तिकडचे डोंगर चांगले दिसतात.

२५ एप्रिल
बेबाच्या सासरचे शेजारी उखर्डूभाऊ बाजारात भेटले. बेबाचा हात प्लास्टरमध्ये आहे. ओट्यावरून पडली म्हणे. 'म्हणे' म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.
द्रौपदाला सांगितलेलं नाही. ओटा उंच असेल. तिकडची घरं पाहण्यासारखी असतात, असं ऐकून आहे.

३ मे
परवा आखाजी. द्रौपदानं पिशवी भरली. भाकरी, टोपी, तळाशी नवं पातळ. पर्यटकाला पातळ कशाला, असं मी विचारलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून नुसती बघत होती.
या वेळी पिंपळनेरच्या पुढेही जाणार. अर्थात फिरायला.

४ मे, संध्याकाळ. पिंपळनेर स्टँड
गेलो. व्याही झुलालभाऊंना म्हटलं, डोंगर बघायला आलो होतो, वाटेत तुमचं घर लागलं. ते हसले. म्हणाले, याही, आठे देखाले काय शे? बठ्ठा डोंगर शेतस. म्हणजे सगळे डोंगरच. मग सुकदेवरावांनी अंगणात नेऊन एकेका डोंगराचं नाव सांगितलं. मी प्रत्येकाला 'वा' म्हटलं.
बेबानं डाव्या हातानं चहा आणला. घराचा ओटा पाहिला. वीतभर उंच आहे.
हात कसा आहे, विचारलं. बरा आहे म्हणाली. जवळ कुणी नाही असं बघून मी पातळ पुढे केलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, नाना, डोंगर बघून झाले असतील तर निघा, गाडी जाईल.
मी निघालो.
जळगावला जाणारी शेवटची गाडी आत्ता समोरून गेली. बसलो नाही. इथं पाहण्यासारखं काही नाही. कधीच नव्हतं.
सकाळी परत बेबाकडे जाणार. झुलालभाऊंना काही विचारणार नाही. तिलाच म्हणणार, पुन्हा इथं आणून घालणार नाही. ती नाहीच म्हणेल. माझ्या शब्दावर तिनं का यावं? तरी म्हणणार.
बेबा, चल.