एकशे चौसष्ट सेंटिमीटर

३ ऑगस्ट
दुपारच्या बसने पोहोचलो. वेसाच्या माहेरचे हे घर अपेक्षेपेक्षा पुष्कळच सुस्थितीत आहे. दीडशे वर्षांच्या ओकच्या तुळया सरळ आहेत, अंगणातले आलुबुखाराचे झाड फळांनी वाकले आहे आणि प्रवासात एकही बशी फुटली नाही. वेसाला जाऊन पाच महिने झाले. तिने लहानपणी ज्या खिडकीतून डोंगर पाहिला, त्या खिडकीपाशी मी टेबल लावले आहे.

शेजारच्या यॉनका आजी चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन आल्या. म्हणाल्या, खा हो मास्तर, मेलेल्यांबरोबर मरता येत नाही. आणि आमच्या वेसाने एवढा हडकुळा नवरा कुठून धुंडाळला होता कोण जाणे! संध्याकाळी प्लॉवदिवहून रालित्साचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे. बाळ लाथा मारते, बाबा, तुमच्यासारखंच शिस्तीत, सकाळ-संध्याकाळ, असे ती म्हणाली. फार दिवसांनी मी मोठ्याने हसलो.

६ ऑगस्ट
रस्त्याच्या बाजूचे लाकडी कुंपण कोसळलेले आहे आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण आत पाहतो. आज मी वेसाचा हिवाळी कोट उन्हात टाकत होतो, तेव्हा यॉनका आजी दोन बायकांना सांगताना स्पष्ट ऐकू आल्या: तो बघा, रोज तिचे कपडे वाळत घालतो बिचारा, जशी काही ती उद्या ते घालून निघणार आहे! माझे दुःख हा गल्लीतला करमणुकीचा विषय होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. दोन मीटर उंचीची दगडी भिंत बांधण्याचे ठरवले. घर जुनी वास्तू म्हणून संरक्षित असल्यामुळे सरकारी कचेरीची अट आहे: सिमेंट नको, नदीचे दगड, चुना आणि मध्ये ओकच्या आडव्या पट्ट्या. हे काम येणारा गवंडी आता एकच उरला आहे, उस्ता गेनो.

१३ ऑगस्ट
भिंत दुसऱ्यांदा पडली. पाया मी स्वतः ओळंब्याने तपासला होता. दोष आढळला नाही. उस्ताचे म्हणणे, जमीन उपाशी आहे. या भागातले जुने गवंडी वाटेने जाणाऱ्या माणसाची सावली त्याच्या नकळत दोऱ्याने मोजतात आणि तो दोरा भिंतीच्या पायात चिणतात. भिंत उभी राहते. माणूस चाळीस दिवसांत मरतो. आमच्या भिंतीजवळून जाताना लोक एकमेकांना सावली आवर रे असे का ओरडतात, ते आज कळले.

उस्ता यॉनका आजींकडे पाहून म्हणाला, ही म्हातारी बरी पडेल मास्तर, नाहीतरी संपत आलीय, वर तोंडपण बंद होईल. त्याची माणसे हसली. मी त्यांना कठोर शब्दांत समज दिली. तो म्हणाला, बरं, मग माप तुम्ही द्या, नाहीतर भिंत विसरा.

१६ ऑगस्ट
योग्य तोडगा सापडला. वेसा गेली तेव्हा तिला रीतीप्रमाणे डोक्यापासून टाचेपर्यंत लाल लोकरीच्या दोऱ्याने मोजले होते. घराची बरकत मृताबरोबर जाऊ नये म्हणून हा दोरा देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे जपून ठेवतात. लांबी एकशे चौसष्ट सेंटिमीटर. तो मी उस्ताला दिला. मृत व्यक्तीला कोणतीही इजा संभवत नाही. त्याची अंधश्रद्धा सांभाळली गेली आणि माझी सदसद्विवेकबुद्धीही. ह्या मापाने कोणालाही त्रास होणार नाही, एवढेच मी त्याला सांगितले. त्याने अधिक विचारले नाही. दोरा फाटकापासून तिसऱ्या दगडाखाली गेला.

२६ ऑगस्ट
भिंत पूर्ण झाली. एक केसभरही हललेली नाही. प्रथमच अंगणात एकट्याने बसून रडलो.

तिसऱ्या दगडापासून एक हातभर रुंद ओल वर चढते आहे. चुन्याची ओल आहे, वाळेल, असे उस्ता जाता जाता म्हणाला. सवयीने उंची मोजली: पंचेचाळीस सेंटिमीटर.

रालित्साचा फोन. तिचे पाय गुडघ्यापर्यंत गार पडले आहेत. गरोदरपणात असे होते म्हणे.

८ सप्टेंबर
ओल रोज चार सेंटिमीटर आणि किंचित अधिक चढते. आज अठ्ठ्याण्णव. रालित्सा इस्पितळात आहे. कमरेखाली तिला काही जाणवत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नाही. बाबा, दगडात पुरल्यासारखं वाटतं, फक्त बाळ तेवढं ऊबदार आहे, अजून लाथा मारतंय, असे म्हणाली.

आमची मुलगी आईच्याच उंचीची आहे. लग्नात तिने वेसाचाच पोशाख घातला होता. एक टाकासुद्धा बदलावा लागला नव्हता.

९ सप्टेंबर
उस्ता दुसऱ्या गावी एका गोठ्याचे काम करत होता. मी सर्व सांगितले. तो प्रथम हसला. म्हणाला, एवढे शिकलात मास्तर, आणि भिंतीला मढं खायला घातलंत? दोऱ्यावर काय नाव लिहिलेलं असतं का? लांबी असते. मढं तिला चालत नाही, मग ती त्याच रक्तातलं तेवढंच जिवंत माणूस शोधते. म्हातारी दिली असतीत तर निभावलं असतं.

त्याने सांगितले, दोरा नुसता काढला, तर रालित्सा त्याच दिवशी जाईल. त्या जागी तेवढाच दुसरा हवा, जिवंत माणसाच्या सावलीचा, चाळिसाव्या दिवसाच्या आत. चाळिसावा दिवस चोवीस सप्टेंबर.

मी एकशे पंच्याहत्तर सेंटिमीटर आहे. ताठ चालण्याचा मला आयुष्यभर अभिमान होता.

१५ सप्टेंबर
ओल एकशे सत्तावीस. रालित्साला धाप लागते.

टपाल आणणारी झ्लातिना अंदाजे वेसाएवढी आहे. फाटकामागे तेवढाच दुसरा दोरा घेऊन उभा राहिलो. तिने पत्रे दिली, तुम्ही बरे दिसत नाही मास्तर, म्हणाली, आणि मी पाठीमागून तिची उंची मोजली. दोन बोटे कमी भरली. मी थांबलो तो दयेमुळे नव्हे. ती दोन बोटे कमी भरली म्हणून. हे खरे लिहिले पाहिजे.

१९ सप्टेंबर
मूर्ख. चाळीस वर्षे मुलांना भूमिती शिकवली. सावली म्हणजे उंची नव्हे! सूर्य जसा उंच, तशी ती कमी-जास्त होते. माझी सावली रोज एका ठरावीक क्षणी बरोबर एकशे चौसष्ट भरते. वाकण्याचीसुद्धा गरज नाही. (कोणाचीही भरू शकते. झ्लातिनाचीही. हा विचार मनात आला, आणि मी तो दूर केला. थोड्या वेळाने.)

उस्ताला आणले आहे. आता पाऊस लागला आहे.

२१ सप्टेंबर
पाऊस. दिवसेंदिवस सूर्य खाली जातो आहे. गणित केले: चोवीस तारखेला भर माध्यान्ही, म्हणजे इथल्या घड्याळात सव्वा वाजता, माझी सर्वांत आखूड सावली एकशे चौसष्ट. त्यानंतर ती पुढच्या वसंतापर्यंत लांबच —

२३ सप्टेंबर
पाऊस. ओल एकशे साठ. फोनवर जावई क्रुम रडत होता. रालित्सा घरी न्या म्हणते, आईच्या घरी. नको म्हणालो. त्याने ऐकले नाही.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
झाले. झाले!

एक वाजता ढग फाटले. मी भिंतीशी उभा राहिलो. उस्ताने दगड सरकवला आणि वेसाचा दोरा बाहेर ओढला — त्याच वेळी फाटकात मोटार थांबली. क्रुम तिला उचलून आणत होता. दोरा निघाला, आणि तिने पाय जमिनीवर टेकवले. चालली. धावली! बाबा, माझे पाय, असे ओरडत येऊन तिने मला घट्ट मिठी मारली. तिचे पोट माझ्या पोटाशी, त्याची सावली माझ्या सावलीत. उस्ता खेकसला, पोरी, बाजूला हो! पण ढग पुन्हा येत होता आणि तो थांबला नाही. वाकला, दोरा सावलीवर टाकला, तोडला, चिणला.

ती वर वेसाच्या खोलीत झोपली आहे. माझी पावले गार पडू लागली आहेत. किती समाधान वाटते, हे शब्दांत —

२५ सप्टेंबर
जुनी ओल वाळली.

नवी: चार सेंटिमीटर. माझी. बरोबर आहे.

तिच्या शेजारी आणखी एक. रुंदीला चार बोटे. उंची बत्तीस सेंटिमीटर. तीन वेळा मोजली. वाढत नाही. पहाटेपासून तेवढीच — तिला चढायला आणखी उंचीच नाही, ती पूर्ण —

रालित्सा वरून हाक मारते आहे. पाय अगदी ठणठणीत आहेत म्हणते. फक्त, बाबा, काल दुपारपासून बाळ —