लाल लोकरीचे दोन टोमॅटो

हार्लन,

मॅक्सीनच्या गाडीतून नॉक्सव्हिलला हॉस्पिटलात जातेय. छातीतली गाठ काढायचीय. गुरुवारी घरी सोडतील म्हणतात. काल सांगणारच होते, पण तू झाडांना पाणी घालताना शीळ घालत होतास, म्हणून राहिलं.

कुंपणाजवळच्या ज्या टोमॅटोला लाल लोकर बांधलीय, तो आईच्या वाणाच्या बियांसाठी आहे. त्याला तोंड लावलंस तर बघ! पिकला की बिया बरणीत पाणी घालून ठेव. तीन दिवसांत वर बुरशी येईल, वासही मारेल. गेल्या वर्षीसारखं नासलं म्हणून ओतून देऊ नकोस, धुऊन ताटलीत वाळव. पुडीत आता एकही बी उरलेलं नाही.

पायरीजवळच्या टोमॅटोलाही लोकर आहे, पण ती खोटी. तू आधीच हादडू नयेस म्हणून बांधली. गुरुवारी दोघांनी खायचा होता, जाड काप करून, पावात, भरपूर मेयोनीज लावून.

मी गुरुवारी आले नाही, तर माझी वाट बघत तो सडवू नकोस. मात्र नेहमीसारखा सिंकपाशी उभ्याउभ्या खाऊ नकोस. टेबलाशी बस. माझ्या खुर्चीत बसलास तरी चालेल.

डेल्फिया