अकरा इव्हान जोन्स

प्रिय आई,

मी सुखरूप आहे, पण तुझ्यावर वैतागले आहे. आजोबांचं नाव इव्हान जोन्स, एवढंच सांगून तू मला त्यांचं थडगं शोधायला वेल्सला धाडलंस. इथल्या दफनभूमीत अकरा इव्हान जोन्स आहेत. जो तो विचारतो, "कुठल्या शेतावरचे?" थडग्यावरही शेताचं नाव कोरतात, आणि भांडून घर सोडल्यापासून तू तेच दडवलंस.

शेवटी एका म्हातारीने माझी हनुवटी निरखली. "हाफोद वेन शेतावरची दिसतेस. आमच्या मारेदची मुलगी ना?" ती म्हातारी म्हणजे तुझीच धाकटी बहीण, नेस्टमावशी.

आजी-आजोबांच्या नावांखाली दगड कोरा ठेवलाय. मावशी दरवर्षी तिथलं शेवाळ खरवडते. म्हणाली, "ही मारेदची जागा. विचार तिला, राग गेला का?"

गुडघा बरा असेल तर तूच येऊन सांग.

तुझी भिजलेली, दमलेली
एलेरी