करंगळीची तपासणी

ट्रॉय, मिशिगन
९ जून २००२

तीन पत्रं आली आणि तिन्ही तुझ्या सुनेच्या अक्षरात. इकडे सर्व कुशल, तिकडे आपण बऱ्या असाल. असलं पत्र पोस्टमनसुद्धा लिहून देईल. मी विचारलं तुझा गुडघा वाकतो का, तर उत्तर काय, सासूबाईंची तब्येत उत्तम आहे. तू काय मंत्री आहेस, तुझी तब्येत दुसऱ्यानं जाहीर करायला? तीस वर्षं तू दुसऱ्यांकडून पत्रं लिहून घेतेस आणि तीस वर्षं मी निमूट वाचते. आता नाही चालायचं. का नाही, ते खाली येईल.

प्रिय शरयू, राग गिळ आणि वाच. हे सुनेच्या हातात देऊ नकोस. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच, पण तुला लागेल. उजेडात बस, चष्मा घाल.

इथं खायला-प्यायला कमी नाही. उल्हास आणि रत्ना सकाळी आठला आपापल्या गाड्या काढून ऑफिसला जातात, मग दिवसभर मी आणि फ्रिज. दोघंही घरघर करतो. उल्हासचे ग्रीन कार्डाचे कागद चौथं वर्ष अडकलेत. गेल्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला ते इमारतींचं झालं, तेव्हापासून तर तो शेजाऱ्यानं हात हलवला तरी दचकतो. दाढी काढली, गाडीला यांचा झेंडा लावला. मला म्हणाला, आई, बाहेर कुणाशी जास्त बोलू नकोस. मी म्हटलं, कुठल्या भाषेत बोलू रे बाबा, सांग तरी.

पण बोलले. शेजारी रे म्हणून म्हातारा आहे. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, दिवसभर गॅरेजात काहीतरी घासत बसतो. मार्चमध्ये एक दिवस दार उघडं होतं, म्हणून मी डोकावले. शरयू, मला वाटलं डोकं फिरलं माझं. फळीवर ओळीनं हातगोळे! काही अननसासारखे खवल्यांचे, काही गुळगुळीत, सगळे निळे. यांच्याकडे सरावाच्या गोळ्याला निळा रंग देतात. जुने गोळे जमवायचा छंद आहे त्याला. जुन्या बाजारातून आणतो, घासतो, रंगवतो आणि मांडतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात आपण जिच्यासाठी हात काळे केले ती वस्तू हा माणूस शोकेसमधल्या बाहुल्यांसारखी पुसत होता.

माझा हात आपोआप गेला. एक उचलला, उलटा केला आणि बुडाच्या भोकात करंगळी घातली. तो बघतच राहिला. मग त्यानं दुसरा दिला, तिसरा दिला. त्याला शब्द कळत नव्हता, मला शब्द कळत नव्हता, पण काम कळत होतं. त्या दिवसापासून रोज दुपारी तासभर आमची ड्यूटी. तो भिंग घेऊन खटक्यावरची अक्षरं वाचायचा, पुस्तक उघडायचा, हा मोठ्या लढाईतला, हा कोरियाच्या वेळचा, असं बोट ठेवून दाखवायचा. मी वजन बघायची आणि करंगळी घालायची. गेली आत, म्हणजे बूच उडालेलं, पोटात काही नाही. मी म्हणायची गुड. हौसा त्याला जमत नाही, तो मला होसा म्हणतो. मी त्याला थालीपीठ न्यायची, तो मला कसल्यातरी लाल आंबट काड्या द्यायचा. त्यांची मी भाजी केली. कुणी खाल्ली नाही.

मेच्या शेवटच्या सोमवारी यांचा सैनिकांचा दिवस असतो. रे आपले गोळे गावच्या हॉलमध्ये मांडणार होता आणि लोकांच्या हातात देणार होता. पोरं, बाया, सगळ्यांच्या. आदल्या दिवशी त्यानं नवा आणलेला गोळा दाखवला. जुन्या बाजारातला, घरी घासलेला, वर ताज्या रंगाचे दोन हात. मी उलटा केला आणि करंगळी घातली. गेली नाही. बूच जागेवर होतं, वर रंग बसलेला. हा गोळा कधी उडालाच नव्हता. मी म्हटलं नो गुड. तो हसला आणि पुस्तकात बोट ठेवून प्रॅक्टिस, प्रॅक्टिस म्हणाला. सरावाचा म्हणजे मेलेला नव्हे, हे तुला-मला माहीत आहे, पुस्तकाला कुठलं.

उल्हासला सांगितलं, तर त्यानं हात जोडले. आई, पोलिस आले की पहिलं नाव आपलं लिहितील. आपल्या रंगाची माणसं आणि हातगोळे एका कागदावर आले की माझे कागद गेले समज. तू काही पाहिलं नाहीस. खोटं नव्हतं तो म्हणाला ते.

सोमवारी सकाळी रे खोकी गाडीत भरायला निघाला, तेव्हा मी घरातली घडीची खुर्ची नेली आणि त्याच्या गाडीमागे टाकून बसले. त्यानं हॉर्न वाजवला, विनवलं, हात धरून उठवायला बघितलं. मी उठले नाही. उल्हास आमच्या दारातून ओरडत होता, आई, लोक बघताहेत. रत्ना आली. ह्या सुनेला मी सहा महिने नावं ठेवलीत, पोळी जाड, झोप जास्त, जीभ लांब. तिनं मला एवढंच विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, खिशातून फोन काढला.

गल्ली रिकामी केली पोलिसांनी. गादीत गुंडाळल्यासारखा एक माणूस आत गेला. दोन तासांनी त्यांचा साहेब आला. दारू कोरडी होती, पिनेचा सगळा जोड शाबूत होता. घर उडालं नसतं, म्हणाला, पण धरणाऱ्याची बोटं गेली असती. मग रत्नाकरवी विचारलं, हे कुठं शिकलात? सांगितलं. मग त्यानं विचारलं, इतक्या वर्षांत तुमच्या हातून एखादा निसटला का? मी म्हटलं, एकही नाही. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. उजवा.

त्याला आता दोन आठवडे झाले. आमची नावं लिहून नेली. वकील म्हणतो, कागदांचं काही सांगता येत नाही. उल्हास माझ्याशी बोलत नाही, मीठ हवं असलं तरी रत्नाला सांगतो. रेचं गॅरेज बंद असतं. रत्ना मात्र मंडळातल्या बायकांना सांगत सुटली आहे की आमच्या सासूबाईंच्या हातून जन्मात एक गोळा निसटला नाही. ती सांगते आणि मी भिंतीकडे बघते.

निसटला होता, शरयू. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईची जादा पाळी होती, मैदानावरून परत आलेले सरावाचे गोळे माझ्या टेबलावरून तुझ्याकडे पुन्हा भरायला जायचे. माझ्या करंगळीला नखुरडं झालं होतं. सांगितलं असतं, तर थंड पाण्यात धुलाईला बसवलं असतं, म्हणून लपवलं. त्या दिवशी मी एकाही भोकात बोट घातलं नाही. नुसतं डोळ्यानं बघितलं आणि खडूची खूण केली. बुचावर चिखल वाळलेला असणार. तो तुझ्या हातात उडाला, उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं गेली. चौकशीत मला विचारलं, मी म्हटलं प्रत्येक तपासला. त्यांनी तुझा निष्काळजीपणा लिहिला आणि तुला घरी बसवलं. दवाखान्यात तू मलाच म्हणालीस, हौसा, माझंच लक्ष नव्हतं बघ. मी मान हलवली. तुझं लक्ष होतं. तीस वर्षं तू जे स्वतःच्या माथी घेऊन बसलीस, ते माझं आहे. माफी मागत नाही, ती मागायची वेळ दवाखान्यात होती. तुला वाटेल ते लिही, शिव्या लिही, एकच ओळ लिही, पण तू लिही. डाव्या हातानं लिही, मोडकं लिही. सुनेच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते फोडणार नाही. उत्तर तुझ्याच हातचं आलं पाहिजे.

तुझीच,
हौसा